हिराताई, तुझ्या वाटणीचं टास्मानिया

प्रिय हिराताई,

तू गेल्याला आता वर्ष होईल. तुझ्या वर्षश्राद्धाला रुपाली येते आहे. परवा तिचं विमान उतरेल आणि जेवणवेळेपर्यंत ती पोशीरला, तुझ्या ओट्यावर असेल. मग घर पाहुण्यांनी भरेल, सगळे बोलतील, रडतील, आणि मला तुझ्याशी दोन शब्द बोलायला सवड मिळणार नाही. म्हणून आज लिहायला बसले.

आणखी एक कारण आहे. लेकीच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून. मी तिकडे जाऊन तुझ्याविरुद्ध बोलले, ताई. स्पष्ट बोलले. आधी सगळं ऐकून घे, मग काय रागवायचं ते रागव.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी तुला 'तुमी' म्हणाले होते, आठवतं? तू भाकरी तशीच तव्यावर टाकून उठलीस. "तुमी कोणाला गं? ते सासूबाईंसाठी ठेव. मी तुझी जाऊ हाय, मामलेदार नाय!" तेव्हापासून तू माझी 'तू' झालीस. सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही, पण तुझ्यापुढे कोण बोलणार?

आणि तुझी ती फार्महाऊसच्या मागच्या पडवीतली गोष्ट! शनिवार-रविवार आपण दोघी तिथे कामाला जायचो, पाहुण्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या करायचो. तू थापायचीस, मी भाजायचे. एकदा मुंबईची माणसं समोर उभी राहून माथेरानच्या डोंगराचे फोटो काढत होती. तू पिठाच्या हाताने कपाळावरचे केस मागे सारलेस आणि म्हणालीस, "सुमन, ही लोकं एवढ्या लांबून आपला डोंगर बघायला येतात. आपुन कोणाचा डोंगर बघायला गेलो गं?"

मी म्हटलं, "जेजुरीला गेलो की."

"तो देव बघायला. डोंगर बघायला कुठं गेलो?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. त्याचं उत्तर पुढे तुझ्या रुपालीने दिलं. ती नर्सिंग करून टास्मानियाला गेली, ऑस्ट्रेलियाच्या पायाशी असलेल्या त्या बेटावर. होबार्ट नावाच्या बंदराच्या शहरात म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात कामाला लागली आणि फोनवर तुला तिथला डोंगर दाखवू लागली. "आई, ये ना बघायला." तू लगेच हो म्हणालीस, पण अट घातलीस, "सुमनला घेऊन येते. एकटीनं विमानात बसायचं नाय मला."

पोरीने दोन तिकिटं काढली. काय काय दाखवायचं तेही ठरवून टाकलं. आधी बंदर, मग कैद्यांनी बांधलेलं एक जुनं गाव, आणि शेवटी लांबच्या रानातलं तळं. तू तर गिरणीवाल्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून मोकळी झालीस. गिरणीवाला मला अजून विचारतो, "हिरावयनी जानार व्हत्या ना कुठं?"

आणि मग आषाढात तुझं पोट दुखायला लागलं.

पनवेलच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते आपण तिघांनीच ऐकलं. तू, मी आणि भावजी. बाहेर बाकड्यावर बसल्या बसल्या तू माझं मनगट धरलंस. "रुपालीला यातलं काय बी कळता कामा नाय. तिची तिकडची नर्सिंगची परीक्षा हाय. ती झाली का मंग मीच सांगीन." भावजींनी मान हलवली. मीही हलवली. तुझ्यापुढे मान हलवायचीच सवय होती आम्हाला! पण ताई, परीक्षेचा दिवस उजाडायच्या आत तू निघून गेलीस. एवढी कसली घाई केलीस गं? डॉक्टरांनीसुद्धा दिवाळी दिसेल म्हणून सांगितलं होतं.

रुपालीने तुला शेवटचं पाहिलं ते फोनवर. अंगणातून तुला उचलत होते तेव्हा माझ्या मुलाने फोन धरला होता. ती तिकडून एकच विचारत राहिली, "काय झालं? कधीपासून? काय झालं?" सांगणार कोण? सगळे रडत होते.

त्यानंतर ती रडली नाही की भांडली नाही. तेच जास्त वाईट होतं. बापाने फोन केला तर उचलायची नाही. मी काही पाठवलं तर 'ठीक आहे' एवढंच उत्तर यायचं. भावजी संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचे आणि जेवायला हाक मारली की उठायचे. बायको गेली आणि पोरगी असून नसल्यासारखी झाली. तू हे बघितलं असतंस तर?

थंडीत तिचा निरोप आला. "काकी, तिकिटं रद्द करते आहे."

मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं आणि लिहिलं, "एकच रद्द कर."

घरात काय झालं असेल ते तुला वेगळं सांगायला नको. आमचे हे म्हणाले, "तुला इंग्लिशमधलं काय येतंय? कुठं हरवलीस तर?" ते मी ऐकून सोडून दिलं. पण भावजी बोलले ते लागलं. "घरातलं माणूस जाऊन वरीस नाय झालं, आन तू फिरायला निघालीस? लोकं काय म्हणतील गं?"

जन्मात पहिल्यांदा मी भावजींना उलट उत्तर दिलं. पदर डोक्यावर होता, पण आवाज खाली नव्हता. "भावजी, लोकं काय म्हणतात ते मी आल्यावर ऐकीन. आधी आपली पोर काय म्हणते ते ऐकून येते."

दुसऱ्या दिवशी तेच पासपोर्टच्या पिशवीला नवीन चेन लावून घेऊन आले.

ताई, मी एकटी गेले! विमानात खिडकीशी बसले, पट्टा बांधला, उतरले, दुसऱ्या विमानाची वाट शोधली. मेलबर्नच्या विमानतळावर लादी पुसणारी एक पंजाबी बाई भेटली. आपली मुंबईची हिंदी तिथे चालली बघ. तिने मला हाताला धरून दारापर्यंत पोचवलं.

फक्त एक गोष्ट हातची गेली. तू वाळवून ठेवलेले कडवे वाल मी रुपालीसाठी नेले होते. तुझ्या हातचे ते शेवटचेच. तिथे सामान तपासतात तेव्हा एक कुत्रा आला आणि माझ्या बॅगेजवळ शहाण्यासारखा बसला. बाहेरचं बियाणं त्या देशात चालत नाही म्हणे. ती अधिकारी बाई गोड बोलली, पण पुडी डब्यात टाकलीच. मी त्या डब्याकडे बघत राहिले. डोळ्यात पाणी आलं, पुसलं, आणि स्वतःला म्हटलं, सुमन, वाल राहिले तर राहिले, तू आत गेली पाहिजेस.

रुपाली घ्यायला आली होती. किती वाळली होती! माझ्या हातातली बॅग घेतली आणि विचारलं, "प्रवास ठीक झाला ना काकी?" पाहुण्याला विचारावं तसं. लहानपणी माझ्या कुशीत झोपणारी पोर ती.

घरी तिने सगळं नीट केलं होतं. गादी, पांघरूण, गरम पाणी. पण समोर बसायची नाही. "जेवण फ्रीजमध्ये आहे, काकी." "गीझर चालू आहे, काकी." स्वतः उभ्या उभ्या ब्रेड खायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची.

तिसऱ्या सकाळी मी त्या दारावर थाप मारली. "रुपाली, आईला जे दाखवणार होतीस ते सगळं मला दाखव. त्यातलं काहीच गाळायचं नाय."

"ते आईसाठी होतं."

"म्हणूनच."

तिने पायात बूट घातले. मग गाडीची चावी घेतली.

पहिल्यांदा बंदर पाहिलं. ताई, अलिबागला समुद्र आपल्या समोर असतो, इथे तो शहराच्या पोटात शिरलाय. दगडी गोदामांची जुनी ओळ, समोर होड्यांच्या काठ्यांचं रान, आणि त्यात एक भलंमोठं तांबडं जहाज. बर्फाच्या देशात जाणारं! आणि मान मागे वळवली की डोंगर. नेरळ स्टेशनात उभं राहिलं की माथेरान कसं अंगावर येतं, तसाच शहराच्या पाठीशी उभा. मी मोठ्याने म्हणाले, "घे, हिराताई, बघ तुझा डोंगर!" दोन गोरी माणसं वळून बघायला लागली. रुपालीने तोंड फिरवलं. वारा एवढा होता की ती रडते आहे की डोळ्यांना वारा झोंबतोय ते कळेना.

मग रिचमंड नावाचं गाव. बैठी दगडी घरं, बदकं पोहणारी लहानशी नदी आणि तिच्यावर कमानींचा जुना पूल. पूल कैद्यांनी बांधलेला. तुरुंगही तसाच ठेवलाय, बघायला लोक येतात. तिथली एक बाई माहिती देत होती आणि रुपाली मला मराठीत सांगत होती. विलायतेत कुणी भाकरीचा तुकडा चोरला, कुणी कापड चोरलं, की त्यांना जहाजात घालून इथे आणायचे. बायकासुद्धा. बऱ्याच जणांना पुन्हा घर दिसलं नाही. अंधाऱ्या कोठडीच्या दारात उभी राहून ती हे सांगत होती आणि सांगता सांगता थांबली.

"ह्या बायांना जाताच येत नव्हतं, काकी." आवाज हळू होता, पण पोशीरचा होता. इतके दिवस ती माझ्याशी पुस्तकातलं बोलत होती. "मला येत व्हतं. विमान व्हतं, पैसं व्हतं. मला कोणी सांगितलंच नाय."

मी तिचा हात धरायला गेले. तिने सोडवून घेतला. परत येताना तिने गाडीतला रेडिओ मोठा लावून ठेवला. मला वाटलं, आता ती रानाचं काही नाव काढणार नाही. पण सकाळी उठले तर तिने माझ्यासाठी जाड कोट आणि बूट काढून ठेवले होते.

ताई, ते रान मात्र तू बघायला हवं होतंस. गाडीने अर्धा दिवस लांब. कुठे वस्ती नाही, दुकान नाही, रेंज नाही. मध्ये काळं तळं आणि त्याच्यावर दातेरी डोंगर. त्याचं नावच पाळण्याचा डोंगर, पाळण्यासारखा मध्ये खोलगट आहे म्हणून. तळ्याच्या कडेने फळ्यांची वाट टाकलीये, फळ्यांवर जाळी ठोकलीये, घसरू नये म्हणून. झाडांच्या अंगावर एवढं शेवाळ की खोड दिसत नाही. आणि शांतता! आपल्या डोंगरात निदान पाखरं तरी बोलतात, कुठेतरी ढोराची घंटा वाजते. इथे आपलाच श्वास आपल्याला ऐकू येत होता.

तळ्याच्या पलीकडच्या काठाला पोचलो आणि आभाळ फिरलं. तिकडचा उन्हाळा म्हणे! पाऊस सुरू झाला, त्याचे बारीक बर्फाचे कण झाले आणि तोंडावर टोचायला लागले. रुपाली म्हणाली, "काकी, मागे फिरू. तुझ्याच्याने होणार नाय."

"मागची वाट जवळ हाय का?"

"तेवढीच आहे."

"मग पुढंच जाऊ."

बोटं बधिर झाली होती, गुडघा बोलत होता, पण मी पुढे झाले. शेवटी शेवटी काठावर होडी ठेवायची एक जुनी लाकडी शेड लागली. आम्ही आत शिरलो. रुपालीने माझे हात आपल्या हातात घेतले आणि चोळायला लागली. सवयीने, कामावर आजीबाईंचे चोळत असेल तसे. चोळता चोळता तिचा बांध फुटला.

"मी नर्स हाय, काकी. रोज दुसऱ्यांच्या आयांना आंघोळ घालते. त्यांचं अंग पुसते, त्यांना भरवते. आन माझ्या आईला..." तिने बाहीने तोंड पुसलं. मग म्हणाली, "सगळं सांग. पहिल्यापासून. काय बी ठेवू नको."

मी सांगितलं, ताई. आषाढातल्या पहिल्या कळेपासून. ती मध्ये मध्ये विचारत होती. दुखण्यावर काय देत होते? कुशीवर वळवत होतात का? पाठीला जखम झाली होती का? शेवटी पाणी उतरत होतं का? आठवलं ते सगळं खरं सांगितलं. तू शेवटच्या सकाळी पेजेचे दोन चमचे घेतलेस आणि 'मीठ कमी हाय' म्हणालीस, तेही सांगितलं. ती रडता रडता हसली. "तेच म्हणणार ती!"

आणि मग तिने विचारलं, "तिनं असं का केलं?"

इथेच मी तुझ्याविरुद्ध बोलले. मला म्हणता आलं असतं, तुझ्या भल्यासाठी गं, आईची माया गं. भावजींनी पहिल्या-पहिल्यांदा तिला फोनवर तेच सांगितलं होतं, आणि त्याच शब्दांनी ती लांब गेली होती. मी म्हणाले, "रुपाली, तुझ्या आईचं चुकलं. आमी तिचं ऐकलं, आमचं पण चुकलं. परीक्षा पुन्हा देता आली असती. आई मेली म्हणून तिचं बरोबर व्हत नाय."

ऐक, ताई. तुझ्यावर माझा जीव होता, अजून आहे. तू या घरात मला उभं केलंस. पण हे चुकलं तुझं. पोरीला त्रास नको म्हणून तू तिच्याकडून तिची पाळी काढून घेतलीस. तुझं करायची पाळी. ते दुःख तिचं होतं, तू ते कुलपात ठेवलंस आणि किल्ली घेऊन गेलीस! हे मी तुला तू असताना म्हणायला हवं होतं. नाही म्हणता आलं. आता म्हणते.

रुपाली माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. शेडच्या छपरावर गारा वाजत होत्या. एक गोरं म्हातारं जोडपं आत आलं, आम्हाला बघून काही न बोलता आपल्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्यांनी आमच्या हातात दिला आणि तळ्याकडे तोंड करून उभं राहिलं. भाषा नसली तरी माणसांना कळतं, नाही?

आभाळ मोकळं झालं तसे आम्ही निघालो. गाडीजवळ गवतात एक गुबगुबीत जनावर चरत होतं. डुकराएवढं, पण अंगावर अस्वलासारखी लव. वॉम्बॅट म्हणतात. आमच्याकडे ढुंकून न बघता, पाठ फिरवून आपलं खात बसलेलं. मी म्हणाले, "अगदी तुझी आई! जेवताना कोणाची पत्रास ठेवायची नाय!" रुपाली इतकी हसली की तिला गाडीला टेकून उभं राहावं लागलं.

रेंज आल्यावर तिने गाडी कडेला घेतली आणि बापाला फोन लावला. मी खिडकीबाहेर बघत होते, पण ऐकू येत होतं. भावजींनी पहिल्याच घंटीला उचलला, 'कोण, रुपाली?' म्हणाले. मग विचारलं, "जेवलीस का गं?"

"नाय अजून. काकीसंगं जेवते आता."

"तिकडं थंडी हाय का?"

"हाय."

"कान बांध." एवढंच. पण भावजींना शेजारच्यांनी त्या दिवशी अंगणात फेऱ्या मारताना पाहिलं, फोन तसाच कानाला धरून, बंद झालेला.

उरलेले दिवस रुपाली माझ्याजवळ स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहायची. तांदळाच्या पिठीची उकड काढायला शिकली. तिची पहिली भाकरी तव्यावर फाटली, दुसरी फुगली. निघायच्या दिवशी विमानतळावर तिने मला घट्ट धरलं आणि म्हणाली, "काकी, आईच्या वर्षाला मी येणार. कावळ्याचा घास मीच ठेवणार." मी म्हटलं, "ठेव. तुझाच मान हाय." भावजींना मी आल्या आल्या सांगून टाकलं की कुणी काही म्हटलं तरी घास पोरगीच ठेवेल. ते नुसतं 'बरं' म्हणाले. तयारीला लागलेत आता. काल ओटा स्वतः धुतला.

आणखी एक. गेल्या महिन्यात मला चक्कर येत होती म्हणून कर्जतला तपासून घेतलं. रक्तात साखर निघाली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरायच्या आधी मी रुपालीला फोन केला. ह्यांना घरी जाऊन सांगितलं, पण तिला आधी. ती तिकडून अशी ओरडली, ताई! "भात किती खातेस? चालतेस का? गोळीचं नाव वाच, नीट वाच!" दवाखान्यातली माणसं बघत होती आणि मी पायरीवरच बोलणी खात उभी होते. इतकं बरं वाटलं ते.

म्हणून आता तुला वचन देते, आणि हे मी पाळणार. या घरात कुणाचंही दुखणं रुपालीपासून लपणार नाही. भावजींचं नाही, ह्यांचं नाही, माझं तर नाहीच. चांगलं असेल ते उशिरा कळलं तरी चालेल, वाईट त्याच दिवशी कळेल. ती कुठल्याही देशात असो, मी दार वाजवीन. तुझ्या लेकीला यापुढे तिच्या माणसांची बातमी शेवटी कळणार नाही. आणि माझी वेळ येईल तेव्हा तिला ते आधी कळलेलं असेल. यायचं की नाही ते तिचं ती ठरवील. तू नाहीस, मी नाही.

आता राग आला असेल तर ये स्वप्नात आणि भांड. मी मान हलवणार नाही.

तुझ्याशी पहिल्यांदाच भांडलेली,
तुझी धाकटी जाऊ,
सुमन